स्वच्छ केलेला चेहरा

काळाचौकी,
१४ जानेवारी २०२४

ती. रमाकाका,

नमस्कार. मी ऋता, तुमच्या चुलतभावाची, रामदासची मुलगी. तुम्ही फोन उचलत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅप वापरत नाही, म्हणून हे पत्र. बाबा म्हणाले की रमाकांतला हल्ली ऐकू कमी येतं, त्याला लिहिलेलंच कळतं. शाळा सुटल्यापासून मी कोणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

मला माणसांच्या चेहऱ्यांचे चांगले फोटो काढायला शिकायचंय. कॅमेरा नाही आणि घ्यायचाही नाही. चार वर्षं जुना मोबाईल आहे, एका कोपऱ्यात काच तडकलेली. परळच्या लॅबमध्ये मी दिवसभर लोकांचं रक्त घेते. तिथल्या हितेंद्रने दोन लेन्सवाला मोठा कॅमेरा घेतलाय आणि दर रविवारी तो शिवडीला फ्लेमिंगोंचे फोटो मारायला जातो. सोमवारी सगळ्यांना दाखवतो. मला तरी ते चिखलात पडलेल्या गुलाबी पिशव्यांसारखे दिसतात. त्याला म्हटलं, मोबाईलवर चांगला फोटो येत नाही का? तर हसला. म्हणाला, आधी सिरीयस तर हो.

तुम्ही गिरगावात चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलात. सुरुवात कुठून करायची एवढं सांगाल का?

तुमची,
ऋता


गिरगाव,
२३ जानेवारी

चि. ऋता,

पत्र पोचलं. तुझं अक्षर वाईट आहे, पण निदान लागतं तरी. हल्लीच्या फोटोंबद्दल तेवढंही म्हणता येत नाही.

मी रोज सकाळी चौपाटीवर फिरायला जातो. तिथे शंभर माणसं हात वर करून उभी असतात. पाठीमागे सूर्य, चेहरा तव्यासारखा काळा, आणि फोटो बघून एकमेकांना म्हणतात, वा. मोबाईल हे बोलायचं यंत्र आहे आणि लोकांना त्यावर धड बोलताही येत नाही. ते फोटो काय काढणार. तुझ्या त्या हितेंद्रला मी पाहिलेलं नाही, पण ओळखतो. असे चाळीस हितेंद्र माझ्या दुकानात गळ्यात कॅमेरा अडकवून यायचे आणि विचारायचे, काका, यात फिल्म कुठून घालतात?

तरी विचारलंस म्हणून सांगतो. पहिलं म्हणजे लेन्स पूस. बोटांचं तेल बसलेल्या काचेतून जग धुक्यात दिसतं आणि माणसं त्याला कला समजतात. फ्लॅश कायमचा बंद कर. माणसाला उन्हात नव्हे, सावलीत बसव. उघड्या दाराशी, खिडकीशी, जिथे उजेड येतो पण ऊन येत नाही. बोटांनी चिमटा काढून चित्र मोठं करू नकोस, पाय आहेत ते वापर आणि जवळ जा. पण चेहऱ्यावर चढूही नकोस, नाक बटाट्यासारखं येतं. चार-पाच फूट पुरे. कोपरं पोटाशी धर, श्वास रोख, मग बटण दाब. आणि देवासाठी समोरच्याला 'स्माइल' म्हणू नकोस. ते ऐकून माणूस हसत नाही, दात दाखवतो.

काढशील ते कागदावर छापून पाठव. कागदावर आलं की वाईट फोटोला लपायला जागा राहत नाही.

तुझा दोन वर्षांपूर्वीचा लग्नासाठीचा फोटो आठव. स्टुडिओ बंद करण्याआधीचं माझं शेवटचं मनासारखं काम ते. काढायला दहा मिनिटं आणि स्वच्छ करायला चार तास लागले होते. पुढे पत्रिका जुळली नाही असं रामदास म्हणाला. त्याला बिचारा फोटो काय करणार.

रमाकाका


काळाचौकी,
१८ फेब्रुवारी

ती. रमाकाका,

ओढणीनं लेन्स पुसली. चार वर्षांचं तेल होतं. मला उगाच वाटायचं की आमच्या चाळीतच धूर भरलेला असतो.

शेजारच्या मालनमावशींना धरलं. त्या रोज सकाळी गॅलरीत पाट टाकून निवडणं-टिपणं करत बसतात. नऊच्या सुमाराला आमच्या गॅलरीत ऊन नसतं पण समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून मऊ उजेड येतो. हे मी या घरात एकतीस वर्षं राहून पहिल्यांदा पाहिलं. पहिले तीन दिवस मावशी मोबाईल दिसला की पदर सारखा करून पुतळ्यासारख्या बसायच्या. चौथ्या दिवशी मी नुसती शेजारी बसून राहिले. त्या वालाच्या शेंगा सोलत सुनेबद्दल बोलायला लागल्या आणि विसरल्या. तेव्हा काढले.

एक गोष्ट मला माझी मलाच सापडली. पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवलं की मोबाईल तिथला उजेड धरतो, आणि बोट खाली ओढलं की चित्र थोडं काळवंडतं. तसं केल्यावर मावशींच्या गालावरची एकेक सुरकुती आली. आधी सगळा चेहरा पिठासारखा यायचा.

तीन फोटो छापून पाठवतेय. काय चुकलं ते सांगा. गोड बोलू नका, तुम्हाला ते जमणारही नाही.

माझ्या त्या फोटोबद्दल नंतर कधीतरी लिहीन.

ऋता


गिरगाव,
२ मार्च

चि. ऋता,

पहिला फोटो फाडून टाक. म्हातारीच्या डोक्यातून दांडीवरचा टॉवेल उगवलाय. बटण दाबण्याआधी माणसाच्या मागे काय आहे ते बघायचं असतं हे मी लिहिलं नव्हतं, कारण ते लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. दुसरा हललाय. तिसरा बरा आहे. हातांवर लक्ष गेलंय तुझं, ते चांगलं. पण उजेड एका बाजूनं आल्यानं अर्धा चेहरा अंधारात आणि अर्ध्यावर सगळा भूगोल. कोणती बाई असला फोटो घरात लावेल? बाजूचा उजेड चुगलखोर असतो. जे नको तेच आधी सांगतो.

आता तुझ्याबद्दल. तू लिहिलं नाहीस तरी हा खटाटोप कशासाठी आहे ते मला कळतं. पुन्हा स्थळं बघणं सुरू झालं असेल आणि नव्या फोटोसाठी काकाला विचारायचा संकोच वाटत असेल. स्टुडिओ नाही, पण शहाणपण आहे, तेव्हा नीट वाच. तुझ्यासारख्या चेहऱ्याला उजेड समोरूनच हवा, सपाट. हनुवटीखाली मांडीवर पांढरी चादर घे म्हणजे खालूनही उजेड येईल. फोटो एक घर जास्त उजळ काढ. गोरेपणात सगळं बुडतं. मान थोडी डावीकडे वळव, म्हणजे डोळ्याखालचं आणि ओठाच्या कोपऱ्यातलं दोन्ही पलीकडे जाईल. मोबाईलवर एवढं केलंस तर पुढचं काम सोपं आहे. कोणाकडून तरी स्वच्छ करून घेता येईल. माझ्याइतकं नाही होणार, पण चालेल.

रमाकाका


काळाचौकी,
१० मार्च

श्री. रमाकांत नेरूरकर यांस,

त्याला कोड म्हणतात. 'डोळ्याखालचं' आणि 'ओठाच्या कोपऱ्यातलं' नाही. दोन अक्षरांचा शब्द आहे, तुमच्या पेनातून उतरला नाही.

पत्रिका जुळल्या होत्या. छत्तीसपैकी सत्तावीस गुण. काय झालं ते मी सांगते. मुलगा, त्याची आई, मी आणि बाबा असे दादरला एका हॉटेलात भेटलो. मी बसले. मुलाच्या आईनं पर्समधून तुम्ही काढलेला माझा फोटो बाहेर काढला आणि माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. साडीवर ब्लाऊजपीस मॅच करून बघतात ना, तसा. वेटर पाणी ठेवायला आला होता, तोही थांबला. मग त्या बाबांना म्हणाल्या, 'तुम्ही आम्हाला फसवलंत.' मुलगा मेनू वाचत होता. पाच मिनिटांत ते उठून गेले. बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तो त्यांच्या शर्टावर सांडला, इतका हात कापत होता.

फसवलं म्हणाल्या ते खोटं नव्हतं, काका. मला राग त्यांचा आला, पण खोटं तुम्ही काढलं होतंत. तोपर्यंत मला माझ्या कोडाची लाज वाटायची नाही. सोळाव्या वर्षापासून आहे, मी डॉक्टरकडे जाते, मला माहितेय की ते कोणाला लागत नाही आणि दुखत नाही. त्या दिवसापासून लॅबमध्ये पेशंटनं दोनदा बघितलं की मी मान वळवायला लागले. डावीकडे. तुम्ही फोटोत वळवली होतीत तशीच.

मला स्थळांसाठी फोटो नकोय. माझ्याकडे सोळाव्या वर्षानंतरचा माझा एकही फोटो नाही. म्हणजे आहेत, पण त्यात मी नाही. या महिन्यात मी सेल्फी घेऊन बघितला, तर त्यातही कोड नव्हतं. शोधलं तेव्हा कळलं की पुढच्या कॅमेऱ्यात ब्युटी नावाचं एक बटण आपोआप चालू असतं. म्हणजे मोबाईलमध्येपण एक रमाकाका बसलाय. त्याला बंद करता येतं एवढाच फरक.

तुमचं पत्र मात्र उपयोगी पडलं. त्यात जे करू नकोस लिहिलंय ते सगळं मी करतेय. बाजूचा उजेड घेते. एक घर काळं काढते. पांढरी चादर घेत नाही. मालनमावशींनी तो तिसरा फोटो घरात लावलाय, देवांच्या शेजारी. तुमच्या चाळीस वर्षांच्या गिऱ्हाइकांत एक तरी सुरकुती असेल तर कळवा. मला वाटत नाही. सगळं गिरगाव गोरं, गुळगुळीत आणि थोडंसं डावीकडे वळलेलं.

उत्तराची घाई नाही.

ऋता


गिरगाव,
२१ जून

चि. ऋता,

तीन महिने उत्तर दिलं नाही. आजारी नव्हतो. तुझं पत्र उद्धट होतं आणि मी वाट बघत होतो की त्यातलं काही खोटं निघेल.

आधी माझी बाजू. माझ्याकडे लोक खरे चेहरे काढायला येत नसत. खरा चेहरा त्यांच्या घरच्या आरशात होता. ते यायचे त्यातून सुटायला. देवीचे व्रण, तुटलेला दात, भाजलेला गाल, विधवेचं कपाळ, सगळं मी नीट केलं. पूर्वी ब्रशनं, नंतर संगणकावर. कोणी मला ते करू नका म्हणालं नाही. आज एक मुलगी चार वर्षं जुना मोबाईल घेऊन मला शिकवायला येते, याची मला मजा वाटायला हवी होती. वाटली नाही.

आता जे मी लिहिणार नव्हतो ते. तुझा फोटो काढल्यावर दुसऱ्या दिवशी रामदास एकटा आला. मी पहिली प्रत तयार ठेवली होती, कोड होतं तसं. त्यानं ती हातात घेतली, बघितली आणि टेबलावर पालथी ठेवली. म्हणाला, 'हे काढता येतं ना रे?' मी म्हटलं, 'येतं.' एवढंच बोलणं झालं. ती प्रत मी त्याच्यासमोर फाडली.

हे तुझ्या बापावर ढकलण्यासाठी लिहीत नाही. तो भित्रा आहे, लहानपणापासून. पण मी भित्रा नव्हतो. मी एकदाही 'कशाला' म्हणून विचारलं नाही, कारण मला काम आवडलं. चार तास बसलो आणि शेवटी खुर्ची मागे सरकवून स्वतःवर खूश झालो. त्या चार तासांत मी तुझा चेहरा जितका जवळून बघितला तितका कोणी बघितला नसेल, आणि मला त्यात फक्त चूक दिसत होती.

टॉवेलबद्दल आणि हललेल्या फोटोबद्दल मी म्हणालो ते मागे घेत नाही.

रमाकाका


काळाचौकी,
२१ जुलै

ती. रमाकाका,

तुमचं पत्र मी बाबांच्या पुढ्यात ठेवलं, शेजारी त्यांचा चष्मा ठेवला आणि आत गेले. त्यांनी वाचलं. मग दूध आणतो म्हणून खाली गेले आणि तासाभरानं दुधाशिवाय परत आले. तीन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त मिठाबद्दल आणि पंख्याबद्दल बोललो. खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांत मला त्यांची कीव नाही आली, किळस आली. हॉटेलातला तो कापणारा हात मी दोन वर्षं जपून ठेवला होता. मला वाटायचं, माझा अपमान झाला म्हणून कापत होता. तो पकडला गेला म्हणून कापत होता.

चौथ्या दिवशी जेवताना बाबा स्वतःहून बोलले. 'मला वाटलं, आधी माणसं घरात तर येऊ देत. एकदा आली की तू त्यांना आवडशील.'

मी म्हटलं, 'ती घरात आलीच नाहीत, बाबा. हॉटेलातूनच गेली.'

त्यांनी ताट बाजूला सारलं. मीही ताट उचललं.

रविवारी सकाळी मी त्यांच्या हातात मोबाईल दिला आणि सांगितलं, माझा फोटो काढा. ते म्हणाले, मला येत नाही. ते खरंच आहे. त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये फोटो म्हणून फक्त छत आणि त्यांचा अंगठा आहे. मी म्हटलं, मलाही येत नव्हतं. लेन्स पुसायला लावली. मी गॅलरीत दाराशी स्टूल टाकून बसले, उजेड डाव्या बाजूनं. बाबा जिन्याजवळ जाऊन उभे राहिले. मालनमावशी म्हणाल्या, चाळीचो फोटो काढतंस काय रे रामदास? मग एकेक पाऊल पुढे आले. कोपरं पोटाशी धरा म्हटलं तर सलामी दिल्यासारखे ताठ झाले.

चेहऱ्यावर बोट ठेवा, मी सांगितलं. त्यांनी कपाळावर ठेवलं. तसं केलं की पांढरा भाग जळतो, काका, नुसता कागद दिसतो. म्हणून म्हटलं, कपाळावर नको, कोडावर ठेवा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मोबाईलवरून नाही, सरळ. तेव्हा माझ्या लक्षात आलं की जेवताना, टीव्ही बघताना, ते कायम माझ्या उजव्या बाजूला बसतात. मला वाटायचं, त्यांना पंख्याचा वारा लागतो म्हणून. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, डोळ्याखाली, नेमकं. आणि कितीतरी वेळ बटणच दाबलं नाही. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, 'थांब, बघतोय.'

अकरा काढले. सातवा पाठवतेय.

परवा सुमेधाआत्या आल्या. त्यांच्या ओळखीत कोणीतरी मुलगा आहे, फोटो मागत होत्या. मला लग्न करायचंय की नाही ते माझं मी ठरवीन आणि तसं मी त्यांना सांगितलं. पण त्याआधी बाबांनी उठून हा फोटो आणून दिला. आत्यांनी तो बघितला, मला बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाल्या की रमाकांतनं काढलेला तो छान फोटो होता ना, तो दे. बाबा म्हणाले, 'तो ऋताचा नाही.' आत्यांनी चहा अर्धा टाकला.

मी बाबांना माफ केलंय असं समजू नका. अजून जेवताना मिठाबद्दलच बोलतो. फक्त आता ते डाव्या बाजूला बसतात.

फोटोबद्दल काय वाटतं ते कळवा. बाकीचं मनात ठेवलंत तरी चालेल.

ऋता


गिरगाव,
४ ऑगस्ट

चि. ऋता,

फोटो मिळाला. वाईट आहे. चौकट तिरकी आहे, दाराची उभी रेघ पडायला आलीय. वर तीन बोटं रिकामी जागा सोडून खाली तुझे हात मनगटात कापलेत. उजव्या कोपऱ्यात जे धूसर गुलाबी आहे तो रामदासचा अंगठा असावा. माझ्याकडे हाताखाली काम करणाऱ्यानं असा फोटो आणला असता तर मी त्याला दुसरा धंदा बघायला सांगितलं असतं.

उजेड मात्र बरोबर आहे. कोडाची कड जळलेली नाही, कातडीचा पोत तिथेही दिसतो. स्टुडिओत चार दिवे लावून हे मला जमलं असतं का, याचा मी विचार केला. जमलं असतं. कधी करून बघितलं नाही.

दुसरं असं की यात तू माणसाकडे बघते आहेस. तुझा बाप समोर उभा आहे आणि तू त्याच्यावर रागावलेली आहेस हे आंधळ्यालाही कळेल. माझ्या स्टुडिओत लोक काचेकडे बघायचे. मी काळ्या कापडाआडून 'इकडे बघा' म्हणून चुटकी वाजवायचो, ते चुटकीकडे बघायचे.

हा फोटो मी आठवडाभर टेबलावर ठेवलाय. बायको म्हणाली, कोण हो ही, ओळखीची वाटते. तुला तिनं बारशापासून बघितलंय. माझ्या कपाटात तुझा तो दुसराही आहे, तो बघून तिनं आजवर असं काहीच विचारलं नव्हतं. छान आहे म्हणायची. सगळेच म्हणायचे. चाळीस वर्षांत एकही माणूस तक्रार घेऊन परत आला नाही, आणि मी ते कौतुक समजत होतो.

एखाद्या रविवारी ये, साडेआठच्या आत. आमच्या मागच्या खोलीत तेव्हा उजेड बाजूनं येतो. तुझा मोबाईल आण, तो हितेंद्र आणू नकोस. मी खुर्चीत बसेन आणि तू म्हणशील तिकडे बघेन. जूनपासून मी कलप लावलेला नाही. जिन्यात भेटणारे लोक मला आजार विचारतात. मूर्ख आहेत.

रमाकाका